गाजर गवत: उपटण्याआधी काय, उपटल्यावर काय

गाजर गवत काढायची मोहीम बहुतेक गावांत चुकीच्या महिन्यात निघते. भादव्यात रस्त्याकडेला सगळं पांढरं दिसू लागलं, की कुणाला तरी आठवण होते. चार माणसं जमतात, उपटाउपट होते, ढीग बांधावर पडतात आणि पुढच्या जूनमध्ये त्याच बांधावर आधीपेक्षा दाट उगवण होते. मग ‘हे काही मरत नाही’ म्हणून लोक तणनाशकाकडे वळतात. तिथेही वेळ चुकते आणि औषधही चुकतं.

हा लेख बांध, पडीक तुकडे, गोठ्यामागची जागा, पाटाच्या कडा आणि गायरान यांसाठी आहे. पिकातल्या गाजर गवताबद्दल मधे थोडकं लिहिलं आहे.

क्रम का असा, हे कळण्यापुरतंच आधी सांगतो. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी धरतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. ओल मिळाली की ते वर्षभर केव्हाही उगवतं, त्यामुळे वर्षात तीन-चार पिढ्या सहज होतात. बी उगवतं ते मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातून. खोल गेलेलं बी मरत नाही, कित्येक वर्षं तसंच पडून राहतं. म्हणजे तुमची खरी लढाई उभ्या झाडाशी नाही, मातीच्या वरच्या बोटभर थरातल्या बियांशी आहे. तिथे नवीन बी पडू द्यायचं नाही आणि असलेल्याला उजेड मिळू द्यायचा नाही.

टप्पा १: मे महिन्यात जागा फिरून या

पावसाआधी मागच्या वर्षीची वाळलेली तपकिरी खोडं उभी असतात. कुठे किती दाट होतं ते यापेक्षा स्पष्ट पुन्हा दिसणार नाही. वहीत जागेचा कच्चा नकाशा काढा आणि तीन गोष्टी खुणा करून ठेवा.

पहिली खूण बी कुठून येतं त्याची: रस्त्याची कड, उकिरडा, सांडपाण्याची चारी, पाटाचं तोंड, वरच्या शेतातून ओघळ येतो ती जागा. दुसरी खूण दाट पट्ट्यांची. तिसरी खूण विरळ जागांची, जिथे दहा पावलांवर एखाद-दुसरं खोड आहे.

काम सुरू करायचं ते विरळ जागेपासून. लोक नेमकं उलट करतात: सगळ्यात दाट पट्टा डोळ्यात खुपतो म्हणून आधी तिथे घुसतात, दोन दिवसांत दमतात आणि विरळ जागा राहून जाते. विरळ जागेच्या मातीत बी थोडं असतं. तिथे तासाभराच्या कामात पुढच्या कितीतरी वर्षांचा त्रास वाचतो. दाट पट्ट्यात काहीही केलं तरी दोन-तीन वर्षं उगवण होणारच आहे. तो एक महिना थांबला तर आभाळ कोसळत नाही. उतार असेल तर वरून खाली या, कारण बी पाण्याबरोबर वाहतं.

तपासा: घरातल्या सगळ्यांना रोप ओळखता येतं का? लहानपणी पानं जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरतात, गाजराच्या पानासारखी कातरलेली, करड्या-हिरव्या रंगाची, वर बारीक लव. झेंडूच्या रोपाशी गल्लत होते. झेंडूचं पान गुळगुळीत असतं आणि चुरगळलं की त्याचा वास लगेच कळतो. फुलं आल्यावर गाजर गवत कुणीही ओळखतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

टप्पा २: फेऱ्यांच्या तारखा आधी ठरवा

मृगाचा पाऊस नीट झाला की आठ-दहा दिवसांत पहिली उगवण दिसते. पहिली फेरी आर्द्रात, म्हणजे जुलै उजाडताना. रोप तेव्हा वीतभर असतं, मुळासकट हातात येतं आणि फूल नसतं. दुसरी फेरी जुलै संपताना, कारण पहिल्या फेरीत हलवलेल्या मातीतून नवी उगवण होते. तिसरी उत्तरा नक्षत्राच्या आसपास, सप्टेंबरच्या मध्यावर. बागायती भागात पाटाला पाणी सुटलं की हिवाळ्यात आणखी एक.

पाऊस उशिरा आला तर तारखा पुढे ढकला. कॅलेंडर बघू नका, रोप बघा. मधल्या देठाला फाटे फुटायला लागले की तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो. जागृतीसाठी तो ठीक आहे, पण आपल्याकडे जूनमध्ये उगवलेलं झाड तोवर फुलून बी टाकायला लागलेलं असतं. ग्रामपंचायतीचं श्रमदान त्या आठवड्यात ठेवायचंच असेल तर ती दुसरी-तिसरी फेरी धरा, पहिली नव्हे.

टप्पा ३: अंग झाकणं

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात. गाजर गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य आणि झाडावरची लव यांमुळे कातडीला खाज, चट्टे आणि जाड पापुद्रे येतात. पापण्या, मान, कोपराची खोबण इथे आधी. परागकणांनी शिंका आणि दमाही होतो. शिवाय ही अॅलर्जी पहिल्या दिवशी येईलच असं नाही, ती वारंवार संपर्काने तयार होते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. ‘मी दहा वर्षं उघड्या हाताने उपटतोय, मला काही होत नाही’ म्हणणारा माणूस अकराव्या वर्षी दवाखान्यात दिसू शकतो.

पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, नाकातोंडावर घट्ट रुमाल किंवा मास्क, पायात बूट. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, पण बोटं उघडी ठेवू नका. काम झालं की साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा, त्याच कपड्यांवर मूल उचलू नका.

सावध: शाळेतल्या मुलांना रांगेने उभं करून उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावू नका. दमा असलेल्यांना आणि आधी खाज येऊन गेलेल्यांनाही या कामाला घेऊ नका. मुलांना रोप ओळखायला आणि जागा दाखवायला पाठवा, तेवढं पुरे.

टप्पा ४: उपटणी

पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा असताना काम करा. चिखलात मुळाबरोबर मातीचा मोठा गोळा येतो आणि बी बुटांना चिकटून सगळीकडे जातं. कोरड्या जमिनीत खोड वरच तुटतं.

हे तुटणंच सगळ्यात महागात पडतं. मूळ आणि खोड जिथे जुळतात ती गाठ जमिनीत राहिली की तिच्यातून चार-पाच नवे फाटे येतात. ते बुटके राहतात, लवकर फुलतात आणि गवतात लपतात. विळ्याने किंवा ब्रश कटरने कापलेल्या पट्ट्याचं नेमकं हेच होतं: आठ दिवस स्वच्छ दिसतो आणि महिन्याभरात पुन्हा पांढरा होतो. मुरमाड जागेत हाताने येत नसेल तर खुरप्याचं टोक तिरपं घालून गाठीच्या खाली, बोटभर खोल मूळ तोडा.

एका हाताने बुडाशी धरा, सरळ वर ओढा, मुळाची माती तिथेच झटका. शेंडा धरून ओढू नका. माणसं एका रांगेत, स्वच्छ बाजूकडून दाट बाजूकडे चालतील अशी उभी करा, आणि परत येताना त्याच स्वच्छ पट्ट्यातून तुडवत येऊ नका.

तपासा: पहिली दहा झाडं उपटून बघा. तीनपेक्षा जास्त तुटली तर काम थांबवा आणि पुढच्या पावसाची वाट बघा. मजूर आलेत म्हणून उपटत राहिलात तर मजुरी गेली आणि झाडंही राहिली.

फूल आलेली झाडं राहिलीच असतील तर पद्धत वेगळी. आधी शेंडे हळू कापून गोणीत भरा, मग झाड उपटा. झाड झटकू नका, ओढत नेऊ नका. फुलं तपकिरी झालेली असतील तर हात लावला तरी बी गळतं. अशी झाडं सकाळी दव असताना काढा.

टप्पा ५: ढिगाचं काय करायचं

फुलाआधी काढलेलं गाजर गवत म्हणजे चांगला हिरवा पाला आहे. तिथेच उन्हात मुळं वर करून पसरा. झाडाच्या बुडाशी आच्छादन म्हणून वापरा किंवा कंपोस्टमध्ये घाला. पाऊस लागून असेल तर मुळं जमिनीला टेकू देऊ नका, पुन्हा धरतात.

फुललेल्या झाडांसाठी खड्डाच हवा. जमिनीवर रचलेला उघडा ढीग किंवा जाळीदार विटांचा नाडेप (कंपोस्टचा) हौद यासाठी बरा नाही, कारण कडेचा थर तापत नाही आणि तिथलं बी जिवंत राहतं. तेच खत मग तुम्ही स्वतः शेतभर पसरता.

खड्डा तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब घ्या. पाणी साचणार नाही अशा उंच जागी, थोड्या सावलीत. तळ आणि कडा चोपून घट्ट करा. साधारण ५० किलोचा थर पसरा, त्यावर शेणकाला शिंपडा, अर्धा किलो युरिया किंवा तीन किलो रॉक फॉस्फेट टाका, थोडी माती भुरभुरा, पायाने दाबा. ट्रायकोडर्मा (पाला कुजवणारी बुरशी) मिळाली तर प्रत्येक थरावर थोडी घाला. असे थर देत खड्डा जमिनीच्या वर फूटभर घुमटासारखा भरा आणि शेण-मातीने लिंपून बंद करा. चीर पडली तर पुन्हा लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. चाळून घ्या.

तपासा: तयार खत मूठभर कुंडीत ओल्या मातीवर पसरून दोन आठवडे ठेवा. गाजर गवताची रोपं आली तर ते खत शेतात नेऊ नका, पुन्हा खड्ड्यात घाला.

जाळू नका. ढीग हलवताना बी आधीच खाली पडलेलं असतं, मातीतल्या बियाला वरच्या जाळाचा फारसा चटका बसत नाही आणि आजूबाजूच्या चांगल्या गवताची मुळं मात्र होरपळतात. गुरांनाही घालू नका. भुकेलं जनावर खातं, पण दूध कडवट होतं आणि पोटाला त्रास होतो तो वेगळाच.

टप्पा ६: तणनाशक, लागलंच तर

दगडी बांध, रस्त्याची कड, काटेरी कुंपण अशा जागी हात पोचत नाही, तिथे तणनाशक समजू शकतो. कोणतं निवडता यावर पुढचं वर्ष अवलंबून आहे.

ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते सगळं मारतं. गाजर गवत मरतं आणि त्याला अडवणारं चांगलं गवतही मरतं. जागा उघडी पडते, पुढचा पाऊस येतो आणि त्या रिकाम्या मातीत सगळ्यात आधी कोण उगवतं ते सांगायला नको. ‘गेल्या वर्षी फवारलं, यंदा दुप्पट आलं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. जिथे मारवेल, हरळी, कुंदा असं काही गवत आधीच आहे तिथे ग्लायफोसेट घेऊन जाऊच नका. तिथे गवतवर्गाला फारसं न दुखवणारं मेट्रिब्युझिन ३ ते ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घेतात. सगळंच मारायचं असेल अशा बिनपिकाच्या जागी ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट १० ते १५ मिली प्रति लिटर. दोन्हीच्या बाबतीत बाटलीवरचं लेबल आणि कृषी अधिकाऱ्याचा सल्ला माझ्या आकड्यांच्या वर.

फवारणी रोप वीतभर असताना, फुलाआधी. फुलावर फवारलेलं झाड मरता मरता बी देऊन जातं. पाणी स्वच्छ घ्या. गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मातीला चिकटतं आणि निकामी होतं. धुळीने माखलेल्या रस्त्याकडेच्या पानांवरही तेच, म्हणून एखादी सर पडून पानं धुतली गेली, की ती सुकल्यावर फवारा. पुढे सहा तास तरी पाऊस नको. ताण बसलेल्या, माना टाकलेल्या झाडावर फवारून उपयोग नाही.

सावध: २,४-डी स्वस्त आहे आणि गाजर गवतावर चालतंही. पण कापूस आणि द्राक्ष यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पानं आकसून पंजासारखी होतात. टोमॅटोलाही सोसत नाही. शेजारी यातलं काही असेल तर २,४-डी बांधावर आणूच नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याने पिकावर कीटकनाशक फवारायचं नाही. नोझलला हूड (फवारा उडू न देणारं झाकण) लावा, वारा पडलेला असताना सकाळी फवारा.

मिठाचं दाट द्रावण फवारण्याचा सल्ला अजून फिरतो. झाड करपतं हे खरं, पण मीठ मातीतच राहतं. शेताच्या बांधावर, विहिरीजवळ हे करू नका. आपल्याकडे खारावलेल्या जमिनी आधीच कमी नाहीत.

टप्पा ७: मोकळी जागा त्याच महिन्यात झाका

सगळ्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि हा वगळला तर वरचे सहा टप्पे दरवर्षी करावे लागतात. गाजर गवत तुडवलेल्या, चरून खरवडलेल्या, उघड्या मातीत माजतं. दाट सावलीत त्याचं रोप लवंडतं.

पडीक आणि रस्त्याकडेच्या जागेसाठी टाकळा (विदर्भात तरोटा) उत्तम. तो पावसाळ्यात दाट वाढतो, हिरवा असताना गुरं सहसा खात नाहीत, म्हणून टिकतो. कोवळा पाला आपण भाजीला खुडतो तो वेगळा. शेंगा वाळल्यावर बी गोळा करून ठेवा आणि मे अखेरीस, पावसाआधी, दाट पट्ट्यावर फोकून द्या. माती आधी दाताळ्याने थोडी खरवडली तर बी धरतं. टाकळ्याचं बी कडक कवचाचं असतं, सगळं एकाच वर्षी उगवत नाही. म्हणून हात आखडू नका आणि पहिल्या वर्षी विरळ आला तर निराश होऊ नका. पिकाच्या लगेच कडेला मात्र टाकळा नको, तो स्वतःच पिकातलं तण होतो.

बांधासाठी मारवेल गवताची ठोंबं लावा. पावसाळ्यात, हातभर अंतरावर. दोन पावसाळ्यांत बांध भरतो आणि वैरण मिळते ती वरकड. गायरानासाठी स्टायलो हमाटा या चाऱ्याच्या पिकाचं बी फोकतात, पण तिथे बियाण्याइतकीच चराईबंदी महत्त्वाची. पूर्ण गायरान बंद करायला गाव तयार होत नाही, तेव्हा तुकडे पाडा: एक तुकडा जून ते ऑक्टोबर बंद, बाकी चालू. मेंढरं बंद तुकड्यात एकदा जरी शिरली तरी कोवळं गवत आधी जातं आणि गाजर गवत उभं राहतं.

पिकाच्या शेतात झाकण म्हणजे पीकच. पहिल्या पावसानंतर घाईने पेरू नका. उगवण होऊ द्या, मग उथळ कुळवाची किंवा वखराची पाळी घाला आणि पेरा. पाळी खोल घातली तर गाडलेलं जुनं बी वर येतं आणि सगळा डाव उलटतो.

टप्पा ८: भुंगे

झायगोग्रामा बायकोलोराटा हा गाजर गवत खाणारा मेक्सिकोतला भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला आणि आता महाराष्ट्रातही ठिकठिकाणी दिसतो. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या नागमोडी रेघा. अळ्या आणि भुंगे दोन्ही पानं खातात. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे झाडं चाळणी झालेली दिसतील तिथून भुंगे भोकं पाडलेल्या बाटलीत पाल्यासकट गोळा करा आणि आपल्या दाट पट्ट्यात संध्याकाळी सोडा. एका जागी ५०० ते १०००. पन्नास-शंभर भुंगे दहा ठिकाणी वाटलेत तर कुठेच जम बसत नाही.

ते ऑक्टोबरनंतर मातीत शिरतात आणि पुढच्या पावसात बाहेर येतात. म्हणून तो पट्टा उन्हाळ्यात नांगरू नका, तिथे कीटकनाशक नको, आणि तेवढा तुकडा उपटूही नका, नाहीतर त्यांनी खायचं काय? हिवाळ्यात पाटाकडेला उगवणाऱ्या गाजर गवतावर त्यांच्या भरवशावर राहू नका, तेव्हा ते झोपलेले असतात. पाऊस चांगला असेल त्या वर्षी काम उत्तम, उघडीप पडली की ढेपाळतं. मी भुंग्यांना मदतनीस धरतो, कारभारी नाही.

टप्पा ९: नवीन बी आत येऊ न देणं आणि पुढच्या फेऱ्या

विकतचं शेणखत, मुरूम, वाळू, बाहेरची वैरण, मळणी यंत्र, जेसीबीची बकेट आणि बसवलेल्या मेंढ्या या सगळ्यांतून बी येतं. हे सगळं थांबवता येत नाही. पण मुरूम एकाच ठरलेल्या जागी उतरवा, यंत्र आत येण्याआधी बांधाबाहेर झाडून घ्या, आणि जिथे हे उतरलं ती जागा पहिल्या दोन पावसांनंतर न चुकता बघा. नव्या जागेतली पाच झाडं पाच मिनिटांत जातात.

दर फेरीनंतर तीन आठवड्यांनी परत या. सुटलेली, तुटलेली आणि नव्याने उगवलेली तेव्हा एकदम दिसतात. पहिल्या वर्षी दुसऱ्या फेरीत उगवण पहिल्यापेक्षा जास्त वाटू शकते, कारण तुम्ही माती हलवलीत. ते अपयश नव्हे. विरळ जागा दुसऱ्या वर्षी जवळपास रिकाम्या दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत तर बी बाहेरून येतंय, टप्पा १ मधल्या पहिल्या खुणेकडे जा. दाट पट्ट्यात तिसऱ्या वर्षापर्यंत उगवण होत राहील. तिथे मोजायचं ते झाडं किती उगवली हे नाही, फुलापर्यंत किती पोचली हे.

दिवाळीनंतर टाकळ्याच्या शेंगा काळपट झाल्या, की फुटण्याआधी काढून झोडपा आणि बी सुती पिशवीत, उंदीर पोचणार नाही अशा जागी टांगून ठेवा. मे महिन्यात विकत शोधायला गेलात तर ते मिळत नाही.